उतार नसलेलं गॅरेज

जुना जालना सोडून शहराच्या टोकाला घर बांधलं, तेव्हापासून घराशेजारची मोकळी पट्टी मी कुणाला वापरू दिली नव्हती. बायकोला तिथं कढीपत्ता लावायचा होता. लावू दिला नाही. ती जागा वडिलांच्या गाडीची होती.

गाडी म्हणजे जुनी, छोटी, गोल दिव्यांची. दार जोरात आपटून लावलं नाही तर वळणावर आपोआप उघडायचं. वडिलांनी ती कुंभार पिंपळगावात आणली तेव्हा आमचे आजोबा हयात होते. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. त्यांनी चाकाला काठी टोचली, टपावरून हात फिरवला, बाजारात जनावर पारखतात तशी गाडी पारखली आणि म्हणाले, "बरी हाये. खाती काय?"

वडील गेले तेव्हा मी नोकरीसाठी जालन्यात होतो, म्हणून गाडी धाकट्या भावाकडं गोठ्याच्या छपरात राहिली. मी रिटायर झालो की ती माझ्याकडं यायची, असं ठरलं होतं. दर दिवाळीला भाऊ म्हणायचा, "दादा, गाडी तुमचीच हाये. मी फकस्त राखण करून राह्यलो."

रिटायर झालो आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कॅलेंडरच्या पानांमागं मी त्या गॅरेजचे किती नकाशे काढले असतील! गाडी आत आल्यावर माझ्यासारख्या पोटवाल्या माणसाला दार पूर्ण उघडून उतरता आलं पाहिजे. भिंत आणि पत्र्यांच्या मधे फट हवी, म्हणजे उन्हाळ्यात कोंडलेली गरम हवा निघून जाईल. मधोमध खड्डा, त्यावर फळ्या. खाली उतरून गाडीचं पोट बघता यावं म्हणून. भिंतीवर पान्यांसाठी खुंट्या. आणि रस्त्यापासून आत येणारा हलका उतार, कारण जुन्या इंजिनाला चढ म्हटला की धाप लागते.

घरच्यांनी मला वेड्यात काढलं असतं तरी चाललं असतं. पण तसं झालं नाही. मुलगा शेजारी येऊन बसायला लागला, यानंच मी फसलो. लाकडी दारांऐवजी शटर घ्या म्हणाला. घेतलं. लाइटचे पॉइंट जास्त ठेवा म्हणाला. ठेवले. बायको म्हणाली, "अहो, रस्त्याच्या बाजूला एक खिडकी ठेवा ना, जरा मोठी." गाडीला खिडकी कशाला, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलासुद्धा नाही. मला वाटलं, इतक्या वर्षांनी घर माझ्या बाजूला आलं. खरं सांगतो, त्या दिवसांत मी फार सुखात होतो.

मग मुलगा म्हणाला, "पप्पा, पावसाचं पाणी शिरेल, जोतं उंच घेऊ." जोतं उंच झालं आणि पुढं पायऱ्या आल्या. मिस्त्री माझ्याकडं बघत राहिला. "साहेब, मंग गाडी चढनार कशी?" मुलगाच उत्तरला, "उतार नंतर करू." खड्ड्याचंही तसंच, "नंतर खणू." मी मान हलवली. घरच्या माणसावर संशय घ्यायची मला सवय नव्हती.

खंडेनवमीला गाडी नव्या जागेत आणून पूजा करायची, असं माझ्या मनात होतं. बॉनेटभर येईल असा झेंडूचा हार सांगून ठेवला आणि शिवून घेतलेली सीट कव्हरं पिशवीत घालून दोन दिवस आधी गावाकडं निघालो. बसनं घनसावंगी, पुढं जीप.

भावानं चहा दिला. मग जेवायचा आग्रह. मग शेतातला कापूस दाखवायचा आग्रह. शेवटी मीच उठून छपराखाली गेलो. तिथं कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या.

"गाडी?"

"गेली, दादा. ढाबेवाल्यानं नेली. रंग मारून दारात उभी केलीय, लोकं फोटो काढत्यात तिच्यासंगं."

"मला न विचारता?"

"विचारलं की! तुमच्या पोरानंच त आनलं त्याला. वैनीचा बी फोन आल्ता. म्हनल्या, तुम्ही काई बोलू नका, बराबर वेळेला आम्ही सांगतो."

मी पेंढीवर बसलो. भावाला वाटलं, मी गाडीसाठी बसलो. तो लगबगीनं घरात गेला आणि गाडीचं स्टिअरिंग घेऊन आला. चेहरा असा, की जणू माझ्यावर उपकारच केलेत.

"पर दावं न्हाई दिलं बरं का, दादा!"

आमच्याकडं जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. दावं गेलं तर घरातली लक्ष्मी जाते म्हणतात. भावानं वडिलांची गाडी जाऊ दिली आणि रीत मात्र पाळली होती. त्याच्यावर ओरडावं की रडावं ते मला कळेना. सीट कव्हरं तिथंच टाकून मी स्टिअरिंग तेवढं उचललं.

परतीच्या बसमध्ये ते मांडीवर होतं. कंडक्टर म्हणाला, "काका, ड्रायव्हरवर भरवसा न्हाई का?" बस हसली. मीही हसलो, आणि मग अंबडपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

घरी आलो तर गॅरेजच्या शटरवर बोर्ड चढला होता. ऑनलाइन फॉर्म, प्रिंट, लॅमिनेशन. त्या मोठ्या खिडकीतून कागद देणार-घेणार होते. मला बघून मुलगा आत गेला. मी बायकोला एवढंच विचारलं, "तूसुद्धा?"

ती पदराला हात पुसत म्हणाली, "पोराला कुठं नोकरी लागून राहिली होती? आधी सांगितलं असतं तर तुम्ही एक वीट तरी रचू दिली असती का?"

नसती रचू दिली. हे तिला माहीत होतं, म्हणूनच कुणी सांगितलं नाही. दुकान मागितलं असतं तर मी भांडलो असतो, आणि शेवटी कदाचित दिलंही असतं. पण माझ्याकडं कुणी काही मागितलंच नाही.

खंडेनवमीला सगळे प्रिंटच्या नव्या मशीनच्या पूजेच्या तयारीत होते. मी आत जाऊन मधोमध, नकाशात ड्रायव्हरची सीट जिथं येत होती, तिथं स्टिअरिंग ठेवलं. हळद-कुंकू वाहिलं. हार फारच मोठा होता, दोन वेढे देऊनही जमिनीवर लोळत होता.

मुलगा दारात येऊन थांबला. अगदी हळू आवाजात म्हणाला, "पप्पा, टेबल तिथंच येणारय. थोडं बाजूला घेता का?"