ओलाव्याची न झालेली चाचणी

‘माहीत नाही’ हे उत्तर छाती पुढे काढून देणारा आर्णीत एकच माणूस आहे, आणि तो माझा साळा आहे. सॉफ्टवेअर तपासणाऱ्या स्क्रिप्ट लिहिणं हे त्याचं काम. पण तपासल्याशिवाय तो घरातही कशाला बरं म्हणत नाही. माझ्या बायकोने, म्हणजे त्याच्या बहिणीने, जेवण कसं झालं विचारलं, की तो ताटातल्या न खाल्लेल्या चटणीकडे बोट दाखवतो. “भाजी पास. चटणी स्किप. स्किप म्हंजे पास नाही, ताई.” शेजाऱ्यांनी एकदा मुलीसाठी पाहिलेलं स्थळ चांगलं असल्याचं सांगितलं, कारण त्याबद्दल कोणी वाईट बोललं नव्हतं. हा म्हणाला, “पण विचारलं कोणाले?” शेजारी बरेच दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

यंदा, कापसाच्या वाईट वर्षात, गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यासाठी नवं सॉफ्टवेअर बसत होतं आणि त्याची तपासणी साळ्याकडे होती. कापसात ओलावा जास्त निघाला की ते भाव कापणार होतं. खरेदी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायची होती, कापसाच्या गाड्या आदल्या दुपारीच फाटकाशी लागलेल्या. चाचण्यांचा अहवाल हिरवागार आला आणि त्याच्या साहेबांचा फोन आला, मंजुरी पाठव. याने आत पाहिलं तर ओलाव्याची चाचणी झालीच नव्हती. ओलावा मोजायचं यंत्र जोडलेलं नव्हतं म्हणून ती वगळली गेली होती, आणि आधीच्या माणसाच्या स्क्रिप्टने ‘फेल एकही नाही’ एवढंच पाहून हिरवा रंग दिला होता.

मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. ही त्याची तिसरी नोकरी, पोरगी नुकतीच शाळेत घातलेली.

“देऊन टाक ना मंजुरी. फेल तर काही नाही.”

“पास तरी कुठं हाय, भाऊजी?”

त्याने स्क्रिप्टच बदलली. वगळलेली चाचणी आता कारणासकट अहवालात वेगळी दिसणार; वगळायला हरकत नाही असं आधी ठरलेलं नसेल, तर सगळा निकाल लाल. तो लाल निकाल त्याने साहेबांना पाठवला. फोनमधला आवाज मला ओसरीपर्यंत ऐकू आला. सकाळी मला मोटरसायकलवर मागे बसवून तो जिनिंगवर गेला. गाडीवाले कुरकुरत होते. त्याने यंत्र जोडलं, चाचणी चालवली. ती फेल व्हावी म्हणून मी मनात देवाला विनवत होतो. निदान याचं खरं ठरलं असतं.

चाचणी पास झाली.

“मंग काय भेटलं तुले?” मी विचारलं.

“आता माहीत झालं.”

खरेदी दुपारी सुरू झाली. उशीर केला म्हणून त्याची नोकरी गेली.

परवा तो नागपूरला मुलाखत देऊन आला. बायकोने मला हळूच विचारलं, “त्याले ‘नाही’ तर म्हणाले नाहीत ना?”

“‘नाही’ म्हणाले नाहीत.”

“मंग झालंच समजा,” म्हणत तिने शिऱ्यासाठी रव्याचा डबा काढला. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता. तसाच राहू द्यावा असं फार वाटलं मला.

“‘हो’ बी म्हणाले नाहीत,” मी म्हणालो. “उत्तर यायचं हाय.”

ती डबा हातात धरून तशीच उभी राहिली.