एका पानातलं पाणी

पाटलाच्या गड्यानं वरून पाणी ओतलं. मी ओट्याखाली उकिडवा बसून ओंजळीनं प्यालो. अंगात वकिलाचा काळा कोट. बाह्या कोपरापर्यंत भिजल्या, तसे ओट्यावरचे सगळे हसले.

मी भिल्लाचा पोर. मिशनच्या शाळेत शिकलो, धुळ्याला वकिलीची सनद मिळवली. रविवारी पाड्यांवर प्रार्थना चालवायची, लोकांचे तंटे मिटवायचे, हेही माझंच काम. म्हणून तर पाटलानं बोलावलं होतं. माझी मावशी आपलं शेत त्याला देईना, म्हणून त्याच्या गड्यांनी तिचं झोपडं जाळलं होतं. शहाद्याच्या कोर्टात मी तिची फिर्याद लावली होती. ती मागे घ्यावी, एवढंच त्याला हवं होतं.

मावशी माझ्या मागे मातीत बसलेली. फाटकाशी काठ्या घेतलेले गडी. परत जायची वाट त्यांच्यामधूनच.

पाटील म्हणाला, "पाद्री, तुन्हा देव माफी शिकाडस ना? मंग सांग तुन्ही मावशीले. माफ कर म्हना."

शब्द माझेच. दर रविवारी मीच सांगायचो ते.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. माझा शब्द तिनं कधी मोडला नव्हता. मी म्हटलं असतं तर तिनं तिथंच माफ केलं असतं, आणि शेतही गेलं असतं. काठ्यांपेक्षा मला याचंच भय वाटलं.

आमच्यात तंटा मिटला की दोन्हीकडचे एकाच पानातून पितात. पूर्वी मोहाची दारू प्यायचे, मी पाणी सुरू केलं होतं. कुंपणाच्या पळसाचं पान तोडलं. द्रोण केला. मावशीच्या भोपळ्याच्या तुंबडीतलं पाणी त्यात ओतलं.

"पाटील, पहिले हिनासंगे यामाईन पाणी प्या. मंग माफीनं बोलूत."

पाटील खाली उतरला आणि द्रोण लाथेनं उडवला.

"कचेरीमा वकील व्हशीन. आठे तू भीलडाच शे."

मी मावशीचा हात धरला आणि निघालो. काठ्यांमधून चाललो. कुणी मारलं नाही. तरी घरी कोटाची बटणं निघेनात, एवढी बोटं कापत होती.

ती भीती गेलेली नाही. आजही ओटा दिसला की आधी परतीची वाट बघून ठेवतो. पण ज्याला माझ्या माणसाबरोबर एका पानातलं पाणी चालत नाही, त्याच्यासाठी माझ्या तोंडून माफीचा शब्द निघणार नाही. त्याची माझी गाठ कोर्टातच. घाबरत जाईन. पण जाईन.