बर्फावरची पहिली मासेमारी

मित्रांनो, हे गाडीत बसून लिहितोय. चुका झाल्या तर समजून घ्या.

माझा धाकटा भाऊ योगेश फिनलंडला शिकतो. आज तो आणि त्याचा रूममेट सागर, आपल्या धुळ्याचाच, पहिल्यांदा गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला गेले. बर्फाला भोक पाडून गळ कसा सोडायचा, हे दोघं नुसते व्हिडिओ बघून शिकले होते.

दुपारी त्याने पिंप्राळ्याला घरी व्हिडिओ कॉल लावला. आई घाबरून म्हणाली, "फुटणार नाही ना रे तो बर्फ?"

सागर हसला. "काकू, इथले लोक यावर गाड्या चालवतात." आणि दुसरं भोक पाडायला पुढे गेला.

कडकन आवाज झाला. सागर दिसेनासा झाला. योगेशच्या हातून मोबाइल पडला, आम्हाला फक्त पांढरं आकाश दिसत होतं. आमचे वडील, नाना, ओरडत राहिले, "योग्या, मांगे फिर! मांगे फिर रे!"

कॉल कट झाला.

तासाभराने योगेशचा फोन आला. बचाव पथकाने सागरला बाहेर काढलं होतं, पण तो गेला होता. हंगामाच्या सुरुवातीचा बर्फ पातळ असतो, हे तिथल्या लोकांनी आता सांगितलं.

"नाना, त्याच्या आईला मी कसं सांगू?"

"फोनवर नको सांगू. आम्ही जातो."

धुळ्याच्या वाटेवर आता पारोळा मागे पडलंय. ती माउली दार उघडेल, तेव्हा पहिलं वाक्य काय बोलायचं? तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली असेल, तर सांगा.