साहेबाच्या कोठीतला शिंदीखाना

शिंदीखान्यातला एक किस्सा सांगायला बसलं की दुसरा बाही ओढतो अन् तिसरा मधीच तोंड घालतो. आमचा अड्डा हिंगोलीच्या जुन्या छावणीत होता. गोऱ्या साहेबाची मोठाल्या खांबांची कोठी. पलटण गेली, साहेब गेला अन् गंगारामनं तिथं शिंदी अन् भजी विकायला सुरुवात केली. निजामाचं राज्य, सरकारी परवाना. म्हणजे आमी प्यायचो ते बाकायदा!

कोठीच्या भिंतीत मोठ्या कोनाड्यासारखी, विलायती तऱ्हेची शेकोटी होती. हिंगोलीत शेकोटी! इथं उन्हाळ्यात भिंतीच चटके देतात. गंगारामनं तिच्यात भज्यांची कढई बसवली. नवं गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? मी सांगायचो, साहेबाचं देवघर. बरेच जण हात जोडायचे. एक तर भजी खाऊन तसाच निघाला. गंगारामनं अडवलं तर म्हणे, "परसादाचे पैसे घेता व्हय?"

एका बाजाराला गोरेगावचा शेतकरी खांब बघून आत शिरला अन् जोडे काढून माझ्यासमोर उभा राहिला. कोठीतली एकुलती एक खुर्ची माझ्या बुडाखाली होती. त्याला वाटलं, हीच कचेरी. शेजाऱ्यानं बांध कोरल्याची तक्रार त्यानं सांगितली. मी मान हलवून सगळी ऐकली अन् हुकूम दिला, दोघांनी एका बाकावर बसून शिंदी प्यावी, मग बांध मोजावा.

पुढच्या बाजाराला दोघं हजर, बराबर एका बाकावर. पुढं कितीतरी बाजार तसेच गेले. शेवटी मीच विचारलं, बांधाचं काय झालं?

"साहेब, अजून पिण्याचंच काम चालू हाय."

आता आमचा दोस्त सखाराम. त्याची बायको गया रुसून माहेरी, कनेरगावला गेली. निरोप धाडला, ज्या घरात शिंदीचा वास, त्या घरात मी राहणार न्हाई. सखारामनं त्याच दिवशी शिंदी सोडली. अड्डा मात्र सोडला नाही. आमच्यात बसून भजी खायचा, पाणी प्यायचा. मी म्हणालो, प्यायची न्हाई तर येतो काहून?

"घरी भिंतीसंगं बोलू का?" तो म्हणाला.

आमी काय गप बसणारे? त्याच्या पाण्यात शिंदी मिसळली, त्यानं हुंगून ओतून दिली. मग मी त्याच्या सदऱ्यावरच सांडली. गडी उठला, विहिरीवर जाऊन सदरा धुतला, वल्लाच अंगात घातला अन् परत येऊन भजी मागवली. तेव्हापासून मी त्याला छळायचं सोडलं. म्हणजे थोडं कमी केलं.

शेवटी चौकशीला खुद्द सासरा आला. दाजीबामामा. सणासुदीला लेकीच्या चोरून घोटभर घेणारा माणूस. त्यांनी जावयाचं गाडगं हुंगलं. पाणी. जावयाचं तोंड हुंगलं. भजी. मामांचं समाधान झालं. म्हणाले, गाडी जुंप, आजच लेक घेऊन ये.

तेवढ्यात गंगारामनं पाहुणा म्हणून त्यांच्यापुढं शिंदीचं गाडगं भरून ठेवलं. त्याच्याकडची रीत अशी, की नको असेल त्यानं गाडगं पालथं घालायचं. उताणं दिसलं की तो भरणार. अन् मामांच्या घरची रीत अशी, की पुढ्यात आलेलं टाकायचं नाही अन् भरल्या घरात भांडं पालथं घालायचं नाही. मामा संपवत राहिले, गंगाराम भरत राहिला. जावई हात जोडून म्हणत राहिला, मामा, बस करा.

"मी कुठं मागून राहिलो? त्योच देऊन राहिला!"

अखेर आमी त्यांना उचलून गाडीत घातलं. सखारामनं बैल हाकले. तमाशा चुकू नये म्हणून मीही चढलो. कनेरगाव येईपर्यंत मामा गात होते.

गया दारात आली. आधी नवऱ्याजवळ गेली, वास घेतला. मग बापाजवळ गेली. तिथं तिला वाकावंसुद्धा लागलं नाही.

ती आत गेली अन् गाठोडं काखेत मारून बाहेर आली. सखाराम जू उतरवायला वाकला होता.

"बैल सोडू नका," गया म्हणाली.