आमच्या क्वार्टरबॅकचा सत्कार

ऑगस्ट संपत आला की आमच्या बेसमेंटमध्ये टीमची मीटिंग होते. कॅनडातल्या या मिसिसागात बहुतेकांची घरं कॉन्डोच्या इमारतींत, बेसमेंट आमच्याकडे, म्हणून पावभाजीही आमच्याकडे. यंदाच्या मीटिंगची मला अजून किळस येते.

टीव्हीवर हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात ना, त्या अमेरिकन फुटबॉलचा हा सौम्य प्रकार. कोणी कोणाला पाडायचं नाही, कमरेला लटकणारी पट्टी खेचली की खेळ थांबतो. टीममध्ये पुण्या-नागपूरचे इंजिनिअर आणि नियमाला हव्यात तेवढ्या बायका. मी खेळत नाही. मैदानाचं बुकिंग, विमा, जर्सी, पाण्याचे कॅन हे माझं काम. माझा नवरा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा. टीम त्यानेच उभी केली. आता पन्नाशी आली, खांदा दुखतो आणि त्याचा लांबचा थ्रो अर्ध्या वाटेत मान टाकतो. हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. रोज रात्री खांदा मीच शेकत होते.

लीगची पद्धत अशी. एकेकटे नाव नोंदवणारे नवे लोक असतात, त्यांच्यातून सगळ्या टीम आळीपाळीने माणसं उचलतात. हा ड्राफ्ट. मागच्या सीझनला जी टीम तळाशी, तिची पाळी पहिली. तळाशी आम्हीच होतो. आता ही पहिली पाळी वापरून नवं माणूस घ्यायचं, की ती दुसऱ्या टीमला देऊन त्यांचा मुरलेला खेळाडू आणायचा, एवढाच प्रश्न होता.

"दादा, तुम्हीच सांगा," कॅप्टन म्हणाला. पस्तिशीतला नागपूरकर, माझ्या नवऱ्याकडूनच खेळ शिकलेला. "ओकव्हिलवाले त्यांचा क्वार्टरबॅक ट्रेड करायला तयार आहेत. कॉलेजात खेळलेला गोरा आहे. बदल्यात फक्त आपली पहिली पाळी."

"वय काय त्याचं?" मी विचारलं.

"एक्सपिरिअन्स्ड आहे, वहिनी."

"वय विचारलं मी."

"असेल पन्नासच्या आसपास. पण काय फिट आहे!"

नवऱ्याने हातातला पाव खाली ठेवला. "नव्यांच्या चाचणीला, ट्रायआउटला, ती पुण्याची मुलगी आली होती, इथे कॉलेजात आहे. शाळेत भालाफेक करायची. तिचा हात पाहिलात? तिला घेऊ. या सीझनला अर्धा वेळ मी खेळतो, अर्धा तिला देतो, शिकवतो. पुढच्या वर्षी मी बाजूला होतो."

मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. याहून सरळ काय असतं?

"नवख्या रूकीला शिकवण्यात सीझन जातो, दादा," सोफ्यावरून एकजण म्हणाला. मागच्या वर्षी हातात आलेला एकही बॉल याने धड पकडला नव्हता. "आपल्याला आत्ता जिंकायचंय."

"आणि ती टिकेल का? उद्या देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला जॉब लागला की चालली."

"उंची बरी आहे, पण नाजूक वाटते."

"पीआर झाला, कायम राहायचा कागद हातात आला, की या गावात कोण थांबतंय?"

मुलगी बघायला आलेल्या मंडळींसारखं चाललं होतं. कांदेपोहेच तेवढे नव्हते. आमच्यातल्या एका खेळाडू बाईने विचारलं, "आणि तो गोराच जायबंदी झाला तर?"

"सेकंडहँड गाडीला कुठे वॉरंटी असते!" कॅप्टन म्हणाला, आणि सगळे हसले. पन्नाशीचा माझा नवरा समोर बसलेला असताना हसले. लोण्याने माखलेल्या बोटांनी हात वर झाले, ट्रेड मंजूर झाला.

मग कॅप्टनने सोफ्यामागून पिशवी काढली. पिशवीत शाल आणि नारळ.

"दादा आजपासून आपले मार्गदर्शक!"

टाळ्या. शाल ब्रॅम्प्टनच्या दुकानातली, प्लास्टिकवर स्टिकर तसाच. म्हणजे शाल घेऊनच हे लोक माझ्या घरी जेवायला आले होते. मग अर्धा तास "दादा, तुम्हीच सांगा" कशाला चालवलं होतं? 'आता पुरे' असं तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून माणसाच्या खांद्यावर लोकर टाकायची. इथल्या मराठी मंडळात हे पुष्कळ पाहिलंय. अध्यक्ष नकोसा झाला की त्याचा सत्कार करतात.

"वहिनी, जरा कुंकू मिळेल?"

"संपलंय," मी म्हणाले. वर देव्हाऱ्यात दोन डब्या भरलेल्या होत्या.

नवरा उठला, मान वाकवली, शाल घेतली, "धन्यवाद" म्हणाला. फोटो निघाले.

ते गेल्यावर मी सोफ्याच्या हातावरची भाजी खरवडत होते. "तू बोलला का नाहीस काही?"

"हात वर झाले होते. काय बोलणार?"

"मी सोडतेय हे मॅनेजरचं काम. ड्राफ्ट उरकते आणि सोडते."

"सोड. मी एकट्याने नाव नोंदवतो."

"नवख्यांमध्ये? शाल घेतलेला माणूस?"

"मला खेळायचंय," तो म्हणाला. बाकी काही नाही. रागावलाही नव्हता. त्यामुळे रागवायचं सगळं काम माझ्याकडे आलं.

ड्राफ्ट कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत होता. नवी माणसं भिंतीकडेच्या खुर्च्यांवर, त्यांची नावं पांढऱ्या फळ्यावर. त्यांत माझ्या नवऱ्याचंही. ओकव्हिलची कॅप्टन शाळेत शिकवणारी बाई. आमच्याकडून मिळालेल्या पहिल्या पाळीला तिने क्षणभरही विचार न करता ती भालाफेकवाली उचलली. मग एकेक नाव पुसलं जाऊ लागलं. आमच्या कॅप्टनने त्याच्या पाळीला पळणारा एक मुलगा घेतला. पुढच्या पाळीला आणखी एक.

"मार्गदर्शक नको का?" मी मराठीत, मोठ्याने विचारलं.

"वहिनी, प्लीज. इथे नको."

शेवटी फळ्यावर दोन नावं राहिली. एक नवऱ्याचं, दुसरं अशा एका माणसाचं ज्याने फॉर्मवर स्वतःच लिहिलं होतं की आपण हा खेळ कधी खेळलेलो नाही. पाळी आमच्या कॅप्टनची. फळ्याकडे बघत त्याने कधी न खेळलेला घेतला.

राहिलेला माणूस ओकव्हिलच्या वाट्याला. ती बाई माझ्याकडे वळली. "हे काय खेळतात?"

"बॉल फेकायचे. आता खांदा गेलाय."

"वाकून दोन पायांमधून मागे बॉल देता येईल?"

हे टीममधलं सगळ्यात बिनकौतुकाचं काम. मी भिंतीकडे पाहिलं. नवरा खुर्चीच्या टोकावर बसून शाळकरी मुलासारखी होकाराची मान डोलवत होता.

"येईल," मी म्हणाले.

पहिल्या रविवारी दोन्ही टीम शेजारशेजारच्या मैदानांवर होत्या. तो वाकायचा, बॉल मागे द्यायचा, भालाफेकवाली फेकायची. तिचे पहिले दोन थ्रो सगळ्यांच्या डोक्यावरून पार्किंगकडे गेले. प्रत्येक वेळी तो कंबर धरून तिच्याजवळ जाऊन काहीतरी सांगायचा, ती मान डोलवायची. ते हरले.

पलीकडे वेगळाच गोंधळ. कोणी कुठे पळायचं याच्या खुणा आमच्या टीममध्ये मराठीत होत्या. 'जिलबी' म्हटलं की वळून मागे यायचं, 'चकली' म्हटलं की आत गोल फिरायचं, असल्या. सगळ्या माझ्या नवऱ्याने बसवलेल्या, आणि पोरांना दुसऱ्या येतच नव्हत्या. तो गोरा बिचारा भला माणूस. तो इंग्रजीत काहीतरी ओरडायचा आणि आमची मंडळी चार दिशांना पळायची. ट्रेड ठरवताना हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

घरी परतताना गाडीत आमच्या जुन्या कॅप्टनचा फोन आला. स्पीकरवरच होता.

"दादा, एक रिक्वेस्ट होती. बुधवारी प्रॅक्टिसला येऊन त्याला आपल्या खुणा जरा शिकवाल का? तुम्ही मार्गदर्शक आहात ना आमचे."

माझ्या जिभेवर जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवऱ्याने हात करून मला थांबवलं.

"बुधवारी जमणार नाही रे," तो म्हणाला. "आमची प्रॅक्टिस असते."