डाख लावलेला डबा

सकाळी सातला आमची गाडी गावातल्या बुधवारा पेठेतून निघाली तेव्हा माझ्याजवळ एकच बॅग होती. पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर तोलून आणलेली, साडेसहा किलोची. मुलांनो, तुम्ही तिकडून पाठवलेली यादी मी वहीत उतरवली होती आणि प्रत्येक ओळीपुढे खूण केली होती. कात्री, सुरी, अडकित्ता घरी. तेल आणि मलम छोट्या बाटल्यांत, बाटल्या पारदर्शक पिशवीत. पायात पटकन निघणाऱ्या चपला. मी प्रथमच एकटी विमानाने जात होते आणि तपासणीत माझ्यामुळे रांग अडता कामा नये, असं ठरवलं होतं.

जायचं होतं हैदराबादला, तुमच्या कुसुमआजीकडे. माझी ही धाकटी बहीण महिनाभराच्या तापातून उठली होती. ताप गेला, पण तोंडाला चव येईना. पेज नको, वरण नको. फोनवर म्हणाली, "ताई, आपल्याकडचा दराबा असता तर दोन घास खाल्ले असते." दराबा (रवा, तूप, साखर फेसून केलेली मऊ मिठाई) उन्हाने पाघळतो. म्हणून मी पत्र्याचा डबा भरला आणि इतवाऱ्यात युसूफचाचांकडून झाकणाला डाख (वितळवलेल्या कथलाचा सांधा) लावून घेतला. आमच्या लहानपणी तुपाचे डबे असेच परगावी जात.

"बाई, आता मुंगी पण नाही घुसणार," चाचा म्हणाले.

"आणि उघडणार कशाने?" तुमच्या आजोबांनी विचारलं.

"कुसुमकडे पक्कड असेल," मी म्हणाले. विषय संपला.

केळीच्या बागा मागे पडल्या, असीरगडाचा पायथा गेला. सनावदला गरम पोहे खाल्ले. वर शेव इतकी की पोहे शोधावे लागले. मोरटक्क्याला नर्मदेच्या पुलावर ट्रकांच्या मागे अर्धा तास गेला, तरी इंदूरच्या विमानतळावर मी अडीच तास आधी हजर होते.

तपासणीत सगळं तुमच्या यादीबरहुकूम झालं. बाटल्यांची पिशवी वेगळी ठेवली, मोबाईल ट्रेमध्ये ठेवला. माझ्यापुढचा तरुण पट्टा काढत होता तेवढ्यात मी मोकळी झाले होते. मग माझी बॅग बाजूच्या पट्ट्यावर वळली.

"माताजी, ये डिब्बा खोलिए," गणवेशातली मुलगी म्हणाली.

"इट इज सोल्डर्ड," मी म्हणाले. घाबरले की मी इंग्रजी बोलते.

ती डबा फिरवून बघत राहिली. "अंदर कुछ दिख नहीं रहा. ऐसे नहीं जाएगा. सामान में डालेंगे तो वहाँ भी खुलवाएँगे. खोल के लाइए, नहीं तो छोड़ना पड़ेगा."

उघडायला माझ्याजवळ काय होतं? जे होतं ते यादीप्रमाणे घरी होतं.

डबा घेऊन मी परत बाहेरच्या दालनात आले. तिथल्या चहाच्या काउंटरवरच्या भाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी डबा उलटा करून पाहिला, मग दुधाचे डबे फोडायची चावी काढली.

"अपन खोल तो देंगे आंटी, पर ढक्कन दोबारा नहीं लगेगा."

"नको लागू दे," मी म्हणाले.

कडेकडेने पत्रा कापत ते झाकण त्यांनी उचललं आणि तूप-वेलचीचा वास काउंटरभर झाला. एक चमचा त्यांना दिला. त्यांनी धारदार कडेला कागदी रुमाल दुमडून बसवले आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

पुन्हा रांग. त्याच मुलीने डब्यात डोकावलं. "मीठा है? आप चखिए ज़रा."

माझी साखर तुम्हाला माहीत आहे. तरी सरकारी आज्ञा होती. मी चांगला मोठा घास घेतला. आजोबांना सांगू नका.

बाटल्या बॅगेत टाकल्या, ती पारदर्शक पिशवी फाडून डब्यावर ताणली आणि औषधांच्या पाकिटांना गुंडाळलेलं रबर लावलं. विमानात डबा पायाशी धरून बसले. ढग पाहायचे राहूनच गेले.

कुसुम उशीला टेकून बसली होती. फारच वाळली होती. डब्यात बघून म्हणाली, "ताई, वाटेत तूच खाल्लास की काय?"

"एक घास. हुकमावरून."

तिने बोट बुडवलं, चाटलं. बोट पुसून टाकलं. मला वाटलं, हेही नको झालं. मग चमचा मागितला. चार चमचे झाल्यावर डबा सरकवला आणि म्हणाली, "फार गोड झालं. काही तिखट आहे का गं?"

दराबा सोडला तर महिन्याभरात तिने आपणहून खायला मागितलेली ती पहिली गोष्ट. मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले आणि हिरव्या मिरचीचा ठेचा केला.

आठ दिवसांनी परत निघाले तेव्हा तिने मेतकूट दिलं, साध्या स्टीलच्या डब्यात. तपासणीत कुणी मागायच्या आत मी झाकण काढून उभी राहिले. "बंद कर लो अम्मा, उड़ जाएगा," तिथला जवान हसून म्हणाला.

तुमच्या यादीत काही चूक नव्हती, मुलांनो. माझीच काळजी अंमळ जास्त झाली; घट्ट बंद केलं की जपलं, असं मला आजवर वाटत आलं. घरी येताना इतवाऱ्यात युसूफचाचा भेटले. हातोडी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "बाई, डबा नीट पोचला ना? मुंगी नाही ना घुसली?"

"एकपण नाही, चाचा," मी म्हणाले. ते खरंच होतं.