मंडळाने मोजलेल्या चुली

तारापूरला वीजघराचं काम निघालं आणि किनाऱ्यालगतच्या काही वस्त्यांना उठावं लागलं, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी तेव्हा पालघरच्या शाळेत शिकवत होते. देशावरून आलेली, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. एका खोलीत राहायचे. अशा मोकळ्या बाईला कामाला जुंपणं हे गावाला पुण्यकर्म वाटत असावं. कारण उठलेल्या लोकांना मदत करायला गावात सेवा मंडळ निघालं, तेव्हा मला न विचारताच मी त्याची कार्यकर्ती झाले होते.

मंडळाकडे उत्साह होता, पैसा नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग अध्यक्षांनी मुंबईच्या एका धर्मादाय संस्थेला साकडं घातलं आणि चक्क तातडीचं अनुदान मंजूर झालं. पावसाळ्याआधी प्रत्येक कुटुंबाला घरासाठी वासे आणि कौलं द्यायची. दिवाळीनंतर संस्थेचे गृहस्थ पाहणीला येणार, आणि सगळं मनासारखं असलं तर दुसरी मदत देणार, म्हणजे जाळ्यांचं सूत आणि होडीचं लाकूड.

आता कुटुंब म्हणजे कोण, यावर सभेत बराच काथ्याकूट झाला. अध्यक्ष मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले. तोंडातलं केळव्याचं पान गालात सरकवून ते म्हणाले, "चुली मोजा. एक चूल, एक कुटुंब." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "दोन दगड मांडले की चूल होते, अण्णा." "बाई, तुम्ही फार पुढचं बघता," ते म्हणाले, आणि मोजणीचं काम माझ्याच गळ्यात घातलं.

सालवडच्या पलीकडे एका उघड्या माळावर ती माणसं माडाच्या झापांच्या खोपटांत राहत होती. समुद्राची माणसं, पण तिथून समुद्र दिसत नव्हता आणि त्याचा आवाजही येत नव्हता. मी गेरूचा डबा घेऊन फिरत होते. जिथे चूल दिसेल तिथे दारावर बोट ओढायचं. मंडळाचा नियम माझ्याआधीच पोचला होता. कालपर्यंत एका ताटात जेवणारे भाऊ आज पाठीला पाठ लावून आपापली चूल फुंकत होते. मी मंडळातल्या एका बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. "घरोघरी मातीच्या चुली! आपल्यात नाही का लोक रेशनसाठी वेगळे होत?"

तिथेच मला ती भेटली. साठीची, काटक, कपाळ कोरं. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाय. तिचा मुलगा, सून आणि तीन नातवंडं एकाच खोपटात होती. त्यांच्यात एक रीत होती. घरात कालवण वाढायचा डाव ज्या बाईच्या हाती, घर तिचं. कुणाला किती, कुणाला आधी, माशाचं डोकं कुणाच्या ताटात, सगळं तिनं ठरवायचं. सून भाकऱ्या भाजेल, मासे धुवेल, पण डावाला हात लावणार नाही. तो डाव मावशीच्या हाती होता, आणि ती तो अगदी हवालदाराच्या दंडुक्यासारखा वागवायची.

दुसऱ्या दिवशी गेले तर खोपटामागे नवी चूल, आणि तिच्यासमोर मावशी एकटी.

"हे काय, मावशी? भांडलात?"

"भांडू कशाला गो?" ती डोळे मिचकावत म्हणाली. "माजी चूल येगली, मंजे माजं घर येगलं. त्या घरात आमी जाली ठेवू, बोंबील सुकवू. होरीला लाकूड दुप्पट भेटंल. पोराची होरी उबी ऱ्हायली पायजे ना? ती नाय तर आमी इकडं रानात करायचं काय?"

"आणि जेवण?"

"तुमचा तो मुंबैवाला येऊन गेला की मोडायची चूल. पाच-सा म्हैन्यांची तर बात हाय. मंग हाय माजा डाव नि हाय मी."

मी बोट ओढलं. तिचा हिशेब चोख होता, आणि होडी नसेल तर ते घर कशावर जगणार होतं, हे मलाही दिसत होतं.

पुढे अडचण झाली ती जागांच्या सोडतीत. चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या. मुलाचं घर आलं माळाच्या अलीकडच्या टोकाला, रस्त्याजवळ, आणि मावशीचं पार पलीकडे, विहिरीच्याही पुढे. मला वाईट वाटलं. तिनं मात्र हात झटकले. "माजी पोरं काय, धावत येतील."

पावसाळाभर मी दर रविवारी बोईसरपर्यंत गाडीने आणि पुढे चिखल तुडवत जायचे. मंडळाला सांगायचे की देखरेखीला जाते. खरं सांगायचं तर रविवारी खोलीवर स्टो पेटवून एकटीपुरता भात टाकायचा मला मनस्वी कंटाळा यायचा. एकटीचा भात कधीच नीट होत नाही. कमी टाकला तर खाली लागतो, जास्त टाकला तर सोमवारीही तोच. मावशीकडे गेलं की ती ओल्या लाकडांशी झटापट करत बसलेली असायची. आम्ही दोघी जेवायचो. सुरुवातीला नातवंडं यायची, तिच्या भाकरीचा तुकडा पळवायची. श्रावणात पाऊस लागून राहिला, मधली वाट चिखलाने भरली, आणि पोरं येईनाशी झाली. मुलगा विहिरीवर भेटला की विचारायचा, "आये, बरी हाय ना?" त्यात खोट काही नव्हती. तो विचारायचा आणि पुढे जायचा.

"आज पोरांकडं काय कालवण केलं असंल?" ती मला विचारायची. मला कुठून ठाऊक असणार? मग तीच अंदाज बांधायची. "कोलिंबच असंल. तिखट कमी पडलं असंल. सुनंला हात नाय." मी हसायचे. तीही हसायची, पण भाकरी तव्यावर तशीच राहून करपायची.

दिवाळी झाली आणि संस्थेचे गृहस्थ आले, बूट, छत्री, सोबत आमचे अण्णा. त्यांनी प्रत्येक घरात डोकावून पाहिलं. मावशीच्या चुलीवरच्या टोपाचं झाकण उचलून वास घेतला. "या वयात एकट्या राहतात, स्वतःचं स्वतः करतात! स्वावलंबन म्हणतात ते हेच," ते म्हणाले. मावशीनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि माझ्याकडे पाहून जीभ चावली. महिनाभरात सूत आलं, लाकूडही आलं. मुलाची होडी पाण्यात उतरली त्या दिवशी वस्तीत गूळखोबरं वाटलं.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी रविवार होता. मी पोचले तेव्हा मावशीनं चुलीला हळदकुंकू वाहिलं होतं आणि तांब्याने तिच्यावर पाणी घालत होती. चूल लाथेनं मोडायची नसते, भिजवून विरघळवायची असते. माती मऊ पडली तशी तिनं ती ओंजळीनं उचलून फणसाच्या रोपाला घातली. नवं लुगडं नेसली. "चल बाय, आज माज्या घरी जेवाय."

माळ ओलांडून आम्ही गेलो. दिवेलागण होत होती. त्या लोकांत लवकर जेवतात. दारातूनच कालवणाचा वास आला आणि मावशी मला कोपरानं ढोसून म्हणाली, "बग, तिखट कमीच हाय." आत सगळी गोल करून बसली होती. सून चुलीपाशी, हातात डाव. मावशी चपला काढून सरळ तिच्याकडे निघाली.

सून लगबगीनं उठली. तिनं भिंतीला टेकवलेला पाट घेऊन दाराजवळ मांडला, दुसरा माझ्यासाठी. तांब्याभर पाणी आणून ठेवलं. "बस आये, बस. किती लांबून चालत आलीस!" पोरांना तिनं जरा सरकायला सांगितलं. सगळ्यांच्या आधी आम्हा दोघींना वाढलं. माशाचं डोकं मावशीच्या ताटात घातलं. परत वाढायला आली, नको म्हटलं तरी आग्रह करून वाढलं. मुलगा नव्या होडीबद्दल बोलत होता, आनंदात होता. कुणाच्या बोलण्यात काडीइतकंही वाकडं नव्हतं. आणि म्हणूनच तिथे म्हणण्यासारखं काही उरलं नाही. मावशी एरवी कुणालाही दोन शब्द सुनावणारी, पण ती मान खाली घालून जेवली. तिखट कमी आहे हेसुद्धा तिनं सांगितलं नाही.

जेवण झाल्यावर ती आपलं ताट उचलायला गेली, तर सुनेनं ते हातातून घेतलं. मावशीनं घरभर नजर फिरवली. झोपायची पथारी कुठे पडते ते बघत असावी. पोरांच्या वाकळा अंथरून झाल्या होत्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

"येते गो," ती म्हणाली.

तिच्या घरात आता चूलही नव्हती, हे मी ओरडून सांगावं असं मला वाटलं. सून कंदील घेऊन दारापर्यंत आली आणि अगदी मायेनं म्हणाली, "संबालून जा, आये. कालोख पडाया लागला."